चाचणी केंद्र चांगलं, वेळा मात्र पोरांच्या सोयीच्या नाहीत

सरकारी इस्पितळातल्या आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्राला, मी पाचपैकी चार देतो. फुकट आहे म्हणून नव्हे, तिथल्या समुपदेशक बाईंसाठी.

गोव्यात पेडण्याच्या किनारपट्टीवर माझी फार्मसी आहे. सीझनमध्ये मिसरूड न फुटलेली पोरं नशा टोचून घ्यायला इन्सुलिनची सिरिंज मागायला येतात. ‘आजीला साखर आहे.’ आजीचं इन्सुलिन कुठलं, असं विचारलं की काढता पाय. त्यातल्याच एका ओळखीच्या मुलाला घेऊन त्याची आई निघाली, सोबत मी. त्याच्याविषयी एवढंच.

बाईंनी आधी तिघांसमोर नियम सांगितले. इथलं बाहेर जात नाही. पण अठराच्या आतल्या मुलाचा कोणी लैंगिक गैरफायदा घेतलाय असं कळलं, तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं. पोराकडून सगळं वदवून घेऊन मग पोलिसांचं नाव काढलं नाही, हे मला फार आवडलं. नंतर विचारलं, ‘शेवटचं कधी?’ संसर्ग टाळायच्या गोळ्या सुई किंवा शरीरसंबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू झाल्या तरच उपयोग, आणि पुढे 28 दिवस घ्यायच्या. मग दुसरा प्रश्न, ‘माल फुकट कोण देतो?’ पोर गप्प. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. बरं केलं.

आपण सगळे सुईच शोधतो. दंडावर खूण नाही म्हणजे सुटलो, असं आईबापांना वाटतं. पण आधी गोळी, पावडर फुकट देणारा पुढे तिची किंमत मागतो, आणि ती दरवेळी पैशांतच असते असं नाही. सुई न टोचताही, शरीरसंबंधातून, एचआयव्ही गाठतो तो इथे. सुई वाटून घेतली असेल तर हेपटायटिस सीचीही तपासणी करून घ्या, असं बाईंनी आपणहून सांगितलं.

निकाल त्याच दिवशी मिळतो. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे संसर्गाचा संशय दिसला, तर वेगळ्या किटवर आणखी दोन होतात. एकावर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत यायचं. 1989 साली याच गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून 64 दिवस कोंडून ठेवलं होतं. आज 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणीसाठी रक्तसुद्धा घेता येत नाही.

एक गुण कापला तो वेळेसाठी. केंद्र चालतं शाळेच्या वेळेत. शाळा बुडवून, ओळखीच्यांनी भरलेल्या ओपीडीतून, भल्यामोठ्या पाटीखाली कुठला सोळा वर्षांचा मुलगा जाऊन बसेल? शिवाय अठराच्या आत पालकाची संमती लागते. कायद्याचं कारण कळतं, पण ज्याला घरीच सांगायची सोय नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर त्या टेबलावर मिळत नाही.

रात्री काही कळलं तर केंद्र उघडायची वाट बघू नका. एड्सची हेल्पलाइन 1097 चोवीस तास लागते, पैसे पडत नाहीत. मूल कुणाच्या तावडीत आहे असं वाटलं तर मुलांची हेल्पलाइन 1098. आणि अत्याचार झाला असेल तर आधी सरकारी इस्पितळाची कॅज्युअल्टी गाठा, पोलीस स्टेशनचा कागद नंतर होतो.