आरटीएल-एसडीआर व्ही३ : डोंगल चांगलं आहे, सॅम्पल रेट नीट उतरवा

साताऱ्यात १०३.१ मेगाहर्ट्झवरची आकाशवाणी लॅपटॉपवर स्वच्छ ऐकायला आरटीएल-एसडीआर व्ही३ हे यूएसबी रेडिओ डोंगल पुरून उरतं: ते लहरी आकड्यांत बदलून देतं, बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. तरी खरखर येत असेल तर अँटेना बदलण्याआधी सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या) कसा खाली आणलाय ते तपासा. दोष बहुतेकदा तिथेच सापडतो.

आतली आरटीएल२८३२यू चिप २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ८ बिटांत सॅम्पल घेते आणि आपण मागू तो रेट आतच काढून देते. आकडा ३.२ एमएसपीएसपर्यंत (सेकंदाला ३२ लाख सॅम्पल) चढवता येतो, पण तिथे सॅम्पल गळतात. २.४ वर थांबा. आय आणि क्यू या सिग्नलच्या दोन शाखा मिळून दर सॅम्पलला २ बाइट, म्हणजे सेकंदाला ४.८ एमबी, स्वस्त यूएसबी हब एवढ्यानेही अडखळतो, म्हणून डोंगल थेट पोर्टला लावा.

२.४ सोयीचा पडतो तो भागाकारामुळे. आधी १० ने भागून २४० हजार, मग एफएम डिमॉड्युलेशन (लहरीतून आवाज सोडवणं), मग ५ ने भागून साउंडकार्डचे ४८ हजार. २.०४८ घेतलात तर एकूण गुणोत्तर ५० ऐवजी १२८/३ होतं. कार्ड ४४.१ हजारांवर ठेवलं, तर २४० हजारांवरून उतरताना १४७/८०० चा रिसॅम्पलर (रेट बदलणारा ब्लॉक) लागतो. चालतो तोही, पण उगाच लांबलचक फिल्टर कशाला?

रेट उतरवण्याआधी वरच्या फ्रिक्वेन्सी काढल्या नाहीत तर त्या दुमडून खालच्या पट्ट्यात येतात, म्हणून खरी मेहनत फिल्टरवर घ्या. पहिल्या टप्प्यात १०० किलोहर्ट्झपर्यंत जाऊ द्या आणि १४० पासून ६० डीबी दाबा, कारण २४० हजारांवर १४० दुमडून बरोबर १०० वर येतो. दुसऱ्या टप्प्यात १५ पर्यंत सोडा, १९ पासून दाबा. दोन्हीकडे उताराचं (सोडणं आणि दाबणं यांमधल्या अंतराचं) रेटशी प्रमाण सारखंच, म्हणून टॅप्सही (फिल्टरचे गुणांक) सारखेच, साधारण १६५. पॉलिफेज रचनेत फक्त ठेवायच्या सॅम्पलचाच हिशेब होतो, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याला सेकंदाला सुमारे ७९ लाख गुणाकार पुरतात, नाहीतर पाचपट.

हा दुसरा फिल्टर गाळून नुसतं प्रत्येक पाचवं सॅम्पल उचललं, तर स्टिरिओचा २३ ते ५३ किलोहर्ट्झचा पट्टा आवाजावर येऊन बसतो. ३८ चा मध्य १० वर पडतो, आरडीएस (स्टेशनचं नाव वगैरे पाठवणारा डेटा) असेल तर ५७ चा ९ वर. म्हणून स्टिरिओ गाण्यात झांजा फाटतात आणि बातम्या मात्र बऱ्या ऐकू येतात. १९ चा पायलट (स्टिरिओची खूण देणारा सूर) दुमडत नाही, बारीक शिटी होऊन तसाच राहतो. आवाज दबका वाटला तर डी-एम्फसिस (प्रसारणात चढवलेले वरचे सूर परत उतरवणं) बघा: आपल्याकडे ५० मायक्रोसेकंद लागतो, जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच तयार फ्लोग्राफमध्ये (ब्लॉक जोडून केलेल्या आराखड्यांत) ७५ असतो.

सांगलीकरांना १२५१ किलोहर्ट्झची मध्यमलहर ऐकायची तर डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये क्यू शाखा निवडा आणि शेवटचा फिल्टर ४.५ किलोहर्ट्झवर आणा. इथे ट्यूनर (फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप) वाटेत नसतो, त्यामुळे गेन (सिग्नलची वाढ) कमी करता येत नाही. ट्रान्समीटर जवळ असला तर अँटेनाची तार आखूड करा. ८ बिटांची मर्यादा इथेच सर्वांत जास्त बोचते.

जीएनयू रेडिओच्या कन्सोलवर सुरुवातीपासूनच 'एयू' (ऑडिओ अंडररन, म्हणजे साउंडकार्डला वेळेवर सॅम्पल न मिळणं) उमटत असेल तर कुठेतरी रेटचं गणित चुकलंय किंवा प्रोसेसर कमी पडतोय. तासाभराने उमटलं तर डोंगल आणि साउंडकार्डची घड्याळं जुळत नाहीत. २० पीपीएमच्या (दहा लाखांत २०) फरकाने तासात ७२ मिलिसेकंदांचा आवाज कमी पडतो. अशा वेळी बफर वाढवा किंवा शेवटी फ्रॅक्शनल रिसॅम्पलर टाकून त्याचं गुणोत्तर तेवढंच सरकवा.