असोदा रोडवरचं भरीत सेंटर, जळगावला याल तर जेवायला इथेच या

सरळ मुद्द्यावर येते. जळगावात हिवाळ्यात भरीत कुठेही मिळतं, कुठल्याही रस्त्याने निघा एखादं तरी सेंटर लागतंच, पण मित्रमंडळी घेऊन जायचंय, निवांत बसायचंय आणि पोटभर खायचंय असं असेल तर मी आता एकच जागा सांगते, असोदा रोडवरची. नाव असं काही नाही, फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात नुसतं 'भरीत सेंटर' आणि खाली बारीक अक्षरात कळण्याची पुरी, भाकरी ऑर्डरप्रमाणे. पत्र्याची शेड, मागे शेत, आणि पुढे कपाशीच्या काड्यांचा हा एवढा मोठा ढीग. ढीग दिसला की गाडी बाजूला घ्यायची.

आम्ही जुना कॉलेजचा ग्रुप, आता कोणी पुण्यात कोणी नाशिकला कोणी इथेच भुसावळला, आणि यावेळी माझ्या ऑफिसातले दोघं पहिल्यांदाच खान्देशात आलेले, एक सोलापूरचा आणि एक साताऱ्याची. रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसला बसले आणि सकाळी जळगावला उतरले, घरी चहा-पोहे झाले, मग जैन हिल्सवर गांधीतीर्थ बघून आलो (2012 ला सुरू झालंय, तिथे घाईत जाऊ नका, दोन-अडीच तास तरी हातात ठेवा, गांधीजींवर इतकं नीट मांडलेलं म्युझियम आपल्या गावात आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो) आणि तिथून सडकून भूक लागलेल्या अवस्थेत थेट इकडे.

आता भरीत. मी जळगावची आहे, भरीताच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि ते मी लपवणार नाही. चांगलं भरीत तीन गोष्टींवर ठरतं, वांगं कुठलं, भाजलं कशावर आणि ठेचलं कशात. यातली एक जरी चुकली तरी मग वर कितीही तेल ओता काजू टाका चीज किसा, काही उपयोग नाही. या सेंटरवर तिन्ही गोष्टी डोळ्यासमोर दिसतात, म्हणून मला ते आवडलं.

वांगी शेडच्या बाजूला क्रेटमध्ये रचून ठेवलेली असतात आणि आपण जाऊन बघू शकतो, हात लावू शकतो, कोणी काही म्हणत नाही. फिकट हिरवी, अंगावर पांढरट रेघा, चकचकीत, आकाराने मोठी पण उचलली की हलकी लागतात. हलकं वांगं म्हणजे आत बी कमी, हे आपल्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. यावल तालुक्यातल्या बामणोद, भालोदकडच्या वांग्यांचं नाव तर सगळ्यांनी ऐकलेलंच आहे, आणि जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय टॅगही मिळालाय, केळीला मिळाला तसाच. साताऱ्याच्या मैत्रिणीला हे वांगं आहे हेच पटेना, तिच्या डोक्यात वांगं म्हणजे जांभळं. तिने एक उचलून फोटो काढला आणि घरी पाठवला, तर आईचा लगेच मेसेज, हा दुधी आहे का गं.

मग भाजणं. इथे गॅस नाही, शेगडी नाही. मोकळ्या जागेत वांगी ओळीने मांडतात, आधी त्यांना थोडं टोचून घेतात म्हणजे फुटून उडत नाहीत, आणि वरून कपाशीच्या सुक्या काड्या टाकून पेटवून देतात. कपाशीची काडी पटकन पेटते, मोठा जाळ देते आणि तेवढ्याच पटकन विझते, त्यामुळे साल करपून काळं होतं आणि आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो. भाजणारे काका लांब काठीने वांगी फिरवत असतात, जाळ कमी पडला की परत एक पेंडी टाकतात. हे सगळं बघायला मिळतं हाच अर्धा आनंद आहे. हिवाळ्याची दुपार, अंगावर ऊन, तो धुराचा वास, आणि आमच्यातले निम्मे मोबाईल धरून उभे. रील बनवायला याच्याइतकी चांगली जागा नाही, फक्त जाळाच्या फार जवळ जाऊ नका, ओढणी सांभाळा, काका ओरडतात आणि ते बरोबरच आहे.

भाजलेली वांगी थोडा वेळ झाकून ठेवतात, मग बायका बसून साल काढतात, बोटं पाण्यात बुडवत बुडवत. वांगं पाण्याखाली धरून धूत नाहीत, हे मी मुद्दाम बघितलं. धुतलं की धुराची चव गेली. शहरातल्या एका एसी हॉटेलात मागच्या वर्षी आम्ही भरीत मागवलं होतं, गॅसवर भाजलेलं, मिक्सरमधून काढलेलं, वर लाल तेलाचा तवंग आणि टोमॅटो, माझा मामा दोन घास खाऊन म्हणाला ही कसली चटणी आहे गं. तेव्हापासून मी भरीत खायला जिथे जाते तिथे आधी मागे डोकावून बघते. इथे मागे डोकावायची गरजच नाही, सगळं समोरच आहे.

आणि ठेचायला लाकडाची बडगी, म्हणजे कोरलेलं लांबट भांडं. आधी वांग्यांबरोबरच भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण मीठ घालून ठेचतात, मग त्यात गर टाकून परत ठेचतात. मिक्सरमध्ये वांग्याची पेस्ट होते, बडगीत रेषा राहतात, खाताना जिभेला कळतं की आपण वांगं खातोय. मग फोडणी, तेल, जिरं, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला नाही. रंग हिरवट पांढराच राहिला पाहिजे. ज्यांना बिनफोडणीचं कच्चं भरीत आवडतं त्यांना ते पण वेगळं काढून देतात, फक्त आधी सांगावं लागतं. मी दोन्ही घेतलं. माझं मत विचाराल तर इथलं कच्चं जास्त भारी आहे, वांग्याचा आणि धुराचा स्वाद त्यात पूर्ण लागतो, पण पहिल्यांदा खाणाऱ्याला फोडणीचंच द्या, शेंगदाणे-खोबरं दाताखाली आलं की तो खूश होतो.

सोबत कळण्याची पुरी आणि कळण्याची भाकरी. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, ज्वारी आणि सालीसकट काळे उडीद मीठ घालून एकत्र दळून आणतात, ते कळण्याचं पीठ. भाकरीला गडद रंग येतो आणि खरपूस चव लागते, भरीताबरोबर ही जोडी दुसऱ्या कशाने तुटत नाही. इथली भाकरी चुलीवरची आहे, एक आजी करतात, आणि त्यांचा हात इतका चालतो की आमच्या टेबलवर भाकरी थंड झाली असं झालंच नाही. पुरी मात्र गरम असेपर्यंतच खा, गार झाली की चिवट होते. ताटात मुळा, काकडी, कांद्याची पात, भाजलेल्या मिरचीचा ठेचा, तळलेले बिबडे (ज्वारीचे पापड) आणि मठ्ठा. सोलापूरचा मित्र तिखटाला घाबरणारा नाही, त्याच्याकडे शेंगाचटणी रोजची, पण ठेचा खाऊन तोही क्षणभर थांबला आणि मग अजून मागितला. आजी तिथूनच म्हणाल्या, "खाय रे भो, लाजू नको, आजून लय आहे." त्याला ते 'भो', म्हणजे भाऊ, इतकं आवडलं की आता ऑफिसात तो सगळ्यांना भोच म्हणतो.

शेवभाजी पण ठेवतात, कारण ग्रुपमध्ये एखादा वांगं न खाणारा असतोच. शेवभाजी ठीक आहे. काळा मसाला चांगला आहे पण शेव आधीच टाकून ठेवल्यामुळे आमच्यापर्यंत येईपर्यंत मऊ पडली होती. शेवभाजीत रस्सा आणि शेव वेगळं आणून द्यायला पाहिजे, म्हणजे ज्याने त्याने आपल्या हिशोबाने टाकावी. हे मी मालकांना सांगितलं, ते म्हणाले गर्दीत जमत नाही ताई, पण सांगितलंत तर देऊ. म्हणजे सांगा. फक्त शेवभाजी खायला म्हणून इतक्या लांब येऊ नका, ती हायवेच्या ढाब्यांवर जास्त चांगली मिळते.

आता पैसे. भरीत किलोवर मिळतं, आम्ही गेलो तेव्हा 200 रुपये किलो, आणि बसून खायचं असेल तर ताटाचे 150, त्यात भरीत आणि भाकरी पाहिजे तेवढी. पुऱ्यांचे वेगळे. वांग्याचा भाव वरखाली होतो तसा यांचा पण होतो, त्यामुळे विचारून घ्या. मला हे पैसे अजिबात जास्त वाटले नाहीत, ज्या पद्धतीने वाढतात ते बघता तर नाहीच. आमच्यातल्या एकाने ताट संपवून नको नको म्हणताना हाताने झाकलं तरी मावशींनी बोटांच्या फटीतून भरीत वाढलं. असं आग्रहाने वाढणं हॉटेलात मिळत नाही, आणि पुण्यात एकटं राहून डब्यावर जगणाऱ्या माणसाला त्याची किती किंमत असते ते मी सांगायला नको.

बसायला खाली सतरंज्या आणि बाजूला टेबलं-खुर्च्या, दोन्ही आहेत. आम्ही सतरंजीवर बसलो. शेजारी एक मोठं कुटुंब, त्यांच्यात आजोबा होते, त्यांच्यासाठी मालकाच्या मुलाने न सांगता खुर्ची आणून दिली. स्पीकरवर अहिराणी गाणी चालू होती, आवाज थोडा जास्तच होता, एकदा सांगितल्यावर कमी केला. पण मला अहिराणी गाणी लागली याचा खरंच आनंद झाला, लग्नाच्या वरातीत जी वाजतात आणि जी आता यूट्यूबवर महाराष्ट्रभर ऐकतात तीच, आणि आमच्या साताऱ्याच्या मैत्रिणीला त्यातली दोन पाठ होती, अर्थ माहीत नाही पण पाठ! मग भुसावळच्या मित्राने तिला एकेक ओळ समजावून सांगितली आणि जेवण झाल्यावर तिथेच शेताच्या कडेला थोडा नाच पण झाला. कोणी वळून बघत बसलं नाही, उलट शेजारच्या कुटुंबातली पोरं येऊन मिसळली. मुलींच्या ग्रुपने जायला जागा एकदम सेफ वाटते, घरातल्याच बायका काम करतात, सगळीकडे माणसं असतात. दारू चालत नाही, तसा बोर्डच लावलाय, आणि मला ते फार बरं वाटलं, कारण भरीत पार्टीच्या नावाखाली काही ठिकाणी जे चालतं त्यामुळे बायकांना अशा जागी जावंसंच वाटत नाही.

कमी काय आहे ते पण लिहिते. वॉशरूम एकच, स्वच्छ आहे पण रविवारी रांग लागते. हात धुवायच्या जागी चिखल होतो, तिथे दोन फरशा टाकल्या तर प्रश्न मिटेल. संध्याकाळी डास असतात आणि शेडमध्ये उजेड कमी, त्यामुळे दुपारचंच जेवण ठरवा. आणि वाट बघायची तयारी पाहिजे, वांगी भाजण्यापासून पुढे सगळं तुमच्यासमोर होतं त्यामुळे गर्दीत तासभर सहज जातो. आम्हाला तो तास जड गेला नाही, गप्पा मारायलाच तर आलो होतो, पण सोबत लहान मूल असेल तर काहीतरी खायला बरोबर ठेवा.

कधी जायचं ते महत्त्वाचं आहे. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं आपल्याकडे अजून खूप आहेत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग खरी झुंबड सुरू होते. थंडी जितकी चांगली तितकं वांगं चांगलं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी बेस्ट. फेब्रुवारी सरत आला, ऊन तापायला लागलं की वांग्यात बी धरतं आणि कडसर चव यायला लागते, तेव्हा कोणी कितीही बोलावलं तरी मी भरीत खायला जात नाही आणि तुम्हीही पाहुण्यांना त्या दिवसात नेऊ नका, ते आयुष्यभर म्हणतील जळगावच्या भरीतात काय एवढं आहे.

वेळ असेल तर असोदा गावातही चक्कर मारा, बहिणाबाईंचं माहेर ते. आम्ही जेवणानंतर गेलो, सोलापूरच्या मित्राला शाळेतली त्यांची कविता तोंडपाठ होती, ती त्याने गाडीतच म्हणून दाखवली.

पार्सलबद्दल, कारण पुण्या-मुंबईचे सगळे तेच विचारतात. नेता येतं. पण फोडणीचं नेऊ नका, कांद्याच्या पातीला पाणी सुटतं आणि सकाळपर्यंत वास बदलतो. मालकांना सांगा की नुसतं भाजून, सोलून, मिरची-लसणाबरोबर ठेचलेलं द्या, ते स्टीलच्या डब्यात भरून देतात, डबा आपला न्यायचा. रात्रीची गाडी असेल तर थंडीत सकाळपर्यंत व्यवस्थित राहतं, घरी गेल्यावर फ्रिजमध्ये टाका आणि खायच्या वेळी फोडणी द्या. पुऱ्या नेऊ नका, कळण्याचं पीठच घेऊन जा, ते पण विकत मिळतं. रविवारी दहापेक्षा जास्त माणसं जाणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन करून वांगी सांगून ठेवा, नाहीतर दुपारी दोननंतर संपलं असं ऐकावं लागेल, आमच्यासमोर दोन गाड्या तशाच परत गेल्या.