जुन्या आर्ट्स कॉलेजमधलं नवीन कॉम्प्युटर सायन्स : ठाण्यातल्या एका आईचा दीड वर्षाचा अनुभव

मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी असं कोणीतरी सविस्तर लिहिलेलं मला वाचायला हवं होतं, कुठेच मिळालं नाही, म्हणून आता मीच लिहितेय. कॉलेज ठाण्यातलं, मूळचं आर्ट्स-कॉमर्सचं. नाव मुद्दाम देत नाही, मुलगा अजून तिथेच शिकतोय आणि मला तक्रारीही लिहायच्यात. मी स्वतः तिथूनच इतिहासात बीए केलं, २००३ ला बाहेर पडले, तेव्हा कॉम्प्युटर फक्त ऑफिसात दिसायचा. आता बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, आयटी, डेटा सायन्स, आणि अलीकडे फिजिक्स-केमिस्ट्रीचं बीएस्सीपण सुरू केलंय.

आमच्याकडे झालं असं की बारावीला पीसीएम होतं, पण सीईटीला मनासारखे पर्सेंटाइल आले नाहीत आणि खाजगी इंजिनिअरिंगची फी आम्हाला झेपणारी नव्हती. सोसायटीत जो तो म्हणायचा, आर्ट्स कॉलेजात कसलं आलंय कॉम्प्युटर. मलाही धाकधूक होतीच. त्यात बीसीए की बीएस्सी हा घोळ. एक लक्षात ठेवा, २०२४-२५ पासून बीसीए एआयसीटीईच्या, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, खाली गेलंय आणि त्याला वेगळी सीईटी असते, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला मात्र बारावीच्या मार्कांवर मेरिट लिस्ट लागते. ॲडमिशनच्या खिडकीवर अर्ध्या पालकांना हे माहीत नव्हतं, एक ताई तर डोंबिवलीहून दोन चकरा मारून आल्या होत्या.

फीबद्दल स्पष्ट सांगते. बीए अनुदानित आहे, हे नवीन कोर्स सगळे विनाअनुदानित, त्यामुळे त्याच बिल्डिंगमध्ये शेजारच्या वर्गातल्या मुलापेक्षा कितीतरी पट फी तुम्ही भरणार. हप्ते करून देतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

आता लॅब. दुसऱ्या मजल्यावर आमचा इतिहासाचा वर्ग होता, खिडकीजवळ माझा बाक होता, तिथेच आता कॉम्प्युटर लॅब केलीय. एसी आहे, नवीन टेबलं आहेत, बघून बरं वाटलं. पण पहिल्या सेमिस्टरला तीस मुलांच्या बॅचला चालू मशीन बावीस, त्यातही बऱ्याच मशीनला चारच जीबी रॅम, ब्राउझर आणि एडिटर एकत्र उघडला की मशीन बसलंच. दोघं-दोघं एका कीबोर्डवर, म्हणजे एक टाइप करणार आणि दुसरा बघत बसणार. नेट गेलं की मुलं स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावायची. ज्याच्या घरी लॅपटॉप नाही त्या मुलाने प्रॅक्टिकल कधी करायचं? हे मला फार लागलं, कारण हे कॉलेज पहिल्यापासून अशाच मुलांचं आहे, आमच्या वेळी कळवा-मुंब्र्याहून, वागळे इस्टेटच्या चाळींमधून मुलं यायची आणि फी कमी म्हणून शिकू शकायची.

दुसरं म्हणजे शिक्षक. प्रोग्रामिंगचे सर सेमिस्टरच्या मध्येच कंपनीत गेले. त्यांचीही चूक म्हणणार नाही, तासावर मानधन मिळणारा माणूस किती दिवस थांबेल. पण पाच आठवडे मुलांना कोणीच नव्हतं आणि नंतर आलेल्या मॅडमनी बारा दिवसांत पोर्शन उरकला. आम्ही चौदा पालकांनी लेखी अर्ज दिला. प्रिन्सिपलनी भेट दिली, शांतपणे ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आत वीस नवीन मशीन आल्या, एक पूर्णवेळ शिक्षकही नेमले. म्हणून सांगते, अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. केमिस्ट्रीची लॅब मात्र अजून अर्धवट आहे, शेजारची मुलगी तिथे आहे, एक्झॉस्ट नीट ओढत नाही म्हणून खिडक्या उघड्या ठेवून प्रॅक्टिकल चालतं. हे चालवून घेण्यासारखं नाही.

एवढं असूनही मी मुलाला तिथून काढलं नाही, आणि ज्यासाठी काढलं नाही ते आता लिहिते.

नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलं घ्यावं लागतं. बऱ्याच ठिकाणी तो नुसता नावापुरता विषय असतो. इथे मराठीचा विभाग जुना आणि जिवंत आहे, आमच्या मुलाने तोच घेतला. एक दिवस घरी आला तो उड्या मारतच, म्हणाला आई बघ, पायथॉनला (ही त्यांची प्रोग्रामिंगची भाषा) 'क्षितिज' शब्दाची लांबी विचारली तर सात सांगतो. आपण तर तीन अक्षरं मोजतो, क्षि, ति, ज. त्याला वाटलं की पायथॉन वर्ण मोजतोय, कारण क्, ष्, इ, त्, इ, ज्, अ असे वर्णही सातच होतात. मराठीच्या मॅडमनी त्याला म्हटलं, आता 'कमळ' घालून बघ. उत्तर आलं तीन, आणि वर्ण तर सहा! म्हणजे क्षितिजचे सात जुळले तो योगायोग होता. कॉम्प्युटर मोजतो युनिकोडचे कोड (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या खुणेला ठरावीक नंबर देणारी पद्धत), म्हणजे क, हलन्त (पाय मोडायची खूण), ष, वेलांटी असे सुटे तुकडे, आणि क मधला अ त्याच्यासाठी वेगळा नसतोच. वर्ण वेगळा, अक्षर वेगळं, कोड वेगळा. हे एका तासात त्याच्या डोक्यात असं पक्कं बसलं की अक्षरं बरोबर मोजणारा प्रोग्राम त्याने रात्री जागून स्वतः लिहिला. नुसत्या कॉम्प्युटरच्या कॉलेजात मॅडमचा तो प्रश्न कोणी विचारला असता असं मला वाटत नाही.

तिथून पुढे फील्ड प्रोजेक्ट निघालं. कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या जुन्या फाइल्स होत्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, आज उघडल्या की नुसता कचरा दिसतो. माझ्या बॅचच्या मुलींच्या कविता त्यात अडकलेल्या. कॉम्प्युटरची तीन मुलं आणि मराठी-इतिहासाच्या दोन मुली असा ग्रुप केला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते, रफाराचं नेमकं उलट. मुलांनी हे सगळं जमवलं, खूश झाली, आणि तपासताना टीवायबीएच्या मुलीने पकडलं की एका प्रवासवर्णनात सह्याद्रीत सगळीकडे 'दर्या' झालाय. मूळ शब्द होता दऱ्या! अर्धा र म्हणजे रफारच असं प्रोग्रामने धरलं होतं आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र करून टाकला होता. मग त्यांनी मराठी शब्दांची यादी लावून ते सुधारलं, आणि यादी कुठली घ्यायची ते मॅडमनी सांगितलं. दर्पण काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनला गणित शिकवायचे. मराठी आणि गणित एकाच माणसाला यावं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे, नवीन कोर्स सुरू करणाऱ्यांनी ती विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच एका गोष्टीची भीती वाटते. लॅबला जागा हवी म्हणून आता अभ्यासिकेचा अर्धा भाग घेणार असं ऐकतेय, आणि मराठीच्या एका निवृत्त सरांची जागा अजून भरलेली नाही. मराठी विभाग आटला तर मग इथे येण्यात काय राहिलं? लॅब वाढवा, पण अभ्यासिकेला हात लावू नका, हेही आम्ही लेखी दिलंय.

नोकरीचं म्हणाल तर प्लेसमेंट सेल अजून कॉमर्सच्याच वळणाचा आहे, येतात त्या बँका आणि विमा कंपन्या. खरं तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसलं की ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे पट्ट्यात आयटी पार्क आणि डेटा सेंटरची रांग आहे. पण ऑन जॉब ट्रेनिंगसाठी मुलांना स्वतःच मेल करत फिरावं लागतंय. कॉलेजने इतक्या जवळच्या कंपन्यांशी बोलायला काय हरकत आहे?

ज्यांना इथे यायचंय त्यांनी शाळा-कॉलेज चालू असताना, मधल्या वारी, प्रॅक्टिकलच्या वेळेत लॅबमध्ये जाऊन बघा, किती मशीन चालू आहेत ते स्वतः मोजा, पूर्णवेळ शिक्षक किती ते विचारा. चौथ्या वर्षाचंही विचारा. नवीन धोरणात पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची करता येते, तीन वर्षांना १३२ क्रेडिट आणि चार वर्षांना १७६ असा हिशोब आहे, आमचा मुलगा चौथं वर्ष इथेच करून त्या जुन्या अंकांचं काम पूर्ण करायचं म्हणतोय, पण कॉलेजने ते सुरू करायचं अजून ठरवलेलं नाही. ऑफिसात मे महिन्यात या म्हणालेत.