पॉलीआत्याच्या पलीकडची हेलन मॅक्रोरी: ‘नॅशनल थिएटर ॲट होम’वरची दोन नाटकं

‘पीकी ब्लाइंडर्स’ या ब्रिटिश मालिकेतली पॉलीआत्या आणि हॅरी पॉटरच्या चित्रपटांतली नार्सिसा मॅल्फॉय, एवढ्यावरच हेलन मॅक्रोरीची ओळख थांबली असेल तर तिचं सर्वांत दमदार काम बघायचं राहिलंय. 2021 मध्ये, अवघ्या 52व्या वर्षी ती गेली. लंडनच्या नॅशनल थिएटरने डिसेंबर 2020 मध्ये सुरू केलेल्या ‘नॅशनल थिएटर ॲट होम’ या घरबसल्या नाटकं दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर तिची दोन नाटकं आली: ‘मेडिआ’ (2014) आणि ‘द डीप ब्लू सी’ (2016). दोन्हींची दिग्दर्शिका कॅरी क्रॅकनेल.

प्राचीन ग्रीक शोकांतिका, नाव मोठं, म्हणून बरेच जण आधी ‘मेडिआ’ लावतात. तसं करू नका. ते नॅशनल थिएटरच्या ऑलिव्हिए या अकराशेवर खुर्च्यांच्या नाट्यगृहासाठी बसवलेलं. नेपथ्य दुमजली: वर नवऱ्याचं दुसरं लग्न, खाली मेडिआ (मॅक्रोरी) मनातून जळतेय. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर गेला की वरचा मजला चौकटीबाहेर, आणि सगळा ताण तर त्या दोन मजल्यांमधला! शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज छोट्या पडद्यावर थोडा जास्तही वाटतो. गोल्डफ्रॅप या ब्रिटिश संगीतजोडीचं संगीत मात्र अंगावर येतं. दाईच्या भूमिकेत पुढे लेखिका-अभिनेत्री म्हणून गाजलेली मिकेला कोल आहे, तिच्याकडेही लक्ष ठेवा.

‘द डीप ब्लू सी’ हे ब्रिटिश नाटककार टेरेन्स रॅटिगनचं 1952 मधलं नाटक. न्यायाधीश नवऱ्याला सोडून माजी वैमानिकाबरोबर राहणारी हेस्टर (मॅक्रोरी) पडदा उघडतो तेव्हा जीव द्यायला खोली गरम करायच्या गॅसच्या शेगडीपुढे पडलेली असते. वाचते, कारण नाणं टाकून चालणाऱ्या मीटरमधले पैसे संपून गॅस बंद पडलेला असतो. इथून पुढे मॅक्रोरी घोगऱ्या, खालच्या पट्टीत बोलत राहते. शेजाऱ्यांशी सभ्यपणे, जणू काही घडलंच नाही. रडण्यापेक्षा हे अवघड, आणि जवळच्या कॅमेऱ्याला हेच मानवतं. संहितेत शेवटी ती शेगडी पेटवते. या प्रयोगात ती अंडं तळून खाते. जगायचं ठरलंय हे सांगायला एक शब्दही लागत नाही.

आता व्यवहाराचं. एकच नाटक भाड्याने घेतलं तर 72 तास मिळतात, दोन्ही बघायची असतील तर महिन्याचं सदस्यत्व स्वस्त पडतं (सुरुवातीचा दर 9.98 पौंड होता). हक्कांप्रमाणे यादी बदलते, म्हणून पैसे भरण्याआधी नाटकाचं नाव शोधून बघा. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवाच, 1950च्या दशकातल्या लंडनची बोली पटकन कानात बसत नाही. टीव्हीच्या स्पीकरवर कुजबुज हरवते आणि ती ऐकायला आवाज वाढवला की पुढची किंकाळी दचकवते, हेडफोन बरे. ‘मेडिआ’ला मध्यंतर नाही, साधारण दीड तास सलग बसावं लागतं. मोबाइलवर बघणार असाल तर ते सरळ टाळा.