हात आखडलेल्या कारखान्यानं आधी काय घ्यावं: ईआरपी की ट्रेड्स?

नागपूरजवळ हिंगणा किंवा बुटीबोरीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे, ऑर्डरी येताहेत, पण पगाराच्या तारखेला कॅश क्रेडिटची मर्यादा संपलेली असते. अशा मालकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, पूर्ण ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर, बसवा, स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत सगळं दिसायला लागेल. दुसरा म्हणतो, सध्या कॉम्प्युटरवर एक रुपयाही घालू नका, आधी बँकेचा हप्ता भरा. मला दोन्ही पटत नाहीत. पैशाची ओढाताण असताना सॉफ्टवेअर एकाच कसोटीवर तपासावं: बिल केल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंतचे दिवस त्यानं कमी होतात का?

या कसोटीवर ट्रेड्स, म्हणजे थकलेल्या बिलावर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणारी ऑनलाइन सोय, सगळ्यात पुढे आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट हे रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालणारे मंच. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला पुरवठादार बिल चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो, मग बँका त्यावर बोली लावतात. व्याजदर मुख्यतः खरेदीदाराची पत पाहून ठरतो. तुमचा ताळेबंद तोट्यात असला तरी खरेदीदार भक्कम असेल तर दर बरा मिळतो. शिवाय खरेदीदारानं पुढे पैसे थकवले, तर बँक ते तुमच्याकडून वसूल करत नाही.

आकडे मांडून पाहा. समजा 1 कोटीचं बिल 90 दिवस अडकलंय. ट्रेड्सवर वार्षिक 9 टक्के दर धरला, तर खर्च येतो साधारण 2 लाख 22 हजार. मंचाचं शुल्क वेगळं. तीच रक्कम बाजारातून महिना 2 टक्क्यांनी उचलली, तर तीन महिन्यांचं व्याज 6 लाख. ओढाताणीच्या दिवसांत हा फरक म्हणजे कुणाचा तरी पगार असतो.

अडचण एकच, पण मोठी आहे: खरेदीदारानं मान्यता दिल्याशिवाय काहीच हलत नाही. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना 31 मार्च 2025 पर्यंत या मंचांवर यायला सांगितलं होतं. म्हणजे कोळसा कंपनीला किंवा मोठ्या ट्रॅक्टर कारखान्याला माल देत असाल, तर खरेदी विभागाला लेखी विचारायला तुम्हाला आधार आहे. येणी बँकेकडे तारण असतील तर आधी बँकेशी बोलून घ्या. नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. 2021 पासून त्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. 45 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचं संरक्षण त्यांना मिळत नाही.

आता ईआरपी. ती वाईट नाही, पण तिची वेळ चुकली तर घात होतो. लायसन्सचे पैसे कोटेशनमध्ये दिसतात. जुन्या आयटमची नावं साफ करणं, काही महिने दुहेरी नोंदी, स्टोअरकीपरचं प्रशिक्षण हे त्यात दिसत नाही. त्यात पगार रखडल्यामुळे मुख्य अकाउंटंट मध्येच सोडून गेला, तर जुनी वही बंद आणि नवी यंत्रणा अर्धवट, अशी अवस्था होते. अमेरिकेतल्या फॉक्समेयर या मोठ्या औषध वितरक कंपनीनं एसएपी ही ईआरपी आणि स्वयंचलित गोदाम एकाच वेळी अंगावर घेतलं आणि 1996 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं आणखीही होती, पण आधीच कमी नफ्यावर चालणाऱ्या कंपनीला तो भार पेलला नाही. तुमचा पैसा उधारीत नसून पडून राहिलेल्या स्टीलमध्ये अडकला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही मी आधी एका एक्सेल शीटवर तीन महिने स्टॉक आणि प्रत्येक जॉबचा खरा खर्च लिहायला सांगेन. कोणता जॉब तोट्यात दिलाय, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

आणि काहीच न करणं? तो पर्याय आता उरलेला नाही. 5 कोटींवरच्या उलाढालीला ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे. सलग दोन कालावधींचं जीएसटीआर-3बी हे जीएसटीचं रिटर्न भरलं नाही, तर माल हलवायला लागणारं ई-वे बिल बंद होतं आणि तयार माल गेटमध्येच अडकतो. रिटर्न रखडलं की खरेदीदाराला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, मग तो तुमचं पेमेंट धरून ठेवतो. म्हणून हातात थोडेच पैसे असतील तर माझा क्रम असा: जीएसटी वेळेवर, टॅलीत कोणतं येणं किती दिवस थकलंय त्याची यादी, त्यानंतर ट्रेड्स. ईआरपी सर्वांत शेवटी, तीही सलग काही महिने हप्ते न चुकता गेल्यावर.

ऑर्डरीच आटल्या असतील तर यातलं काहीच पुरणार नाही. खातं 90 दिवस थकलं की एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं, तोवर थांबू नका. 25 कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेची 2016 ची पुनरुज्जीवन चौकट आहे आणि तिच्याखाली कर्जदार स्वतःहून अर्ज करू शकतो. त्या अर्जासोबत येण्यांची यादी आणि जॉबवार खर्चाची शीट जोडा.