साताऱ्यातल्या छोट्या कॉलेजची लायब्ररी: आठ महिने वापरल्यावर

ॲडमिशनच्या वेळी आम्ही काय काय विचारलं होतं? फी किती, स्कॉलरशिप बसते का, हजेरीची सक्ती किती, स्टँडपासून चालत यायला किती वेळ लागतो. लायब्ररी बघू द्या असं कोणीच म्हणालं नाही, मीही नाही. मी बी.ए. भाग २ ला आहे, विषय इतिहास, कोरेगावहून एसटीने ये-जा करते. पहिल्या वर्षी लायब्ररीत गेले ती फक्त जुन्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स काढायला. जुलैत फील्ड प्रोजेक्ट हाती आला आणि तेव्हापासून आठवड्यातले चार-पाच दिवस तिथे जाणं होतं. यंदा बारावी झालेली मुलं-मुली कॉलेज शोधत असतील, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. कॉलेजचं नाव देत नाही.

पहिल्या मजल्यावर एक लांबट हॉल आहे. अर्ध्या भागात कपाटं, अर्ध्यात टेबलं, आणि मागच्या खिडक्यांतून समोर अजिंक्यतारा. पुस्तकांच्या संख्येत शहरातल्या मोठ्या कॉलेजांशी बरोबरी होणार नाही. तरी मला या लायब्ररीची सगळ्यात मोठी सोय वाटते ती उघड्या कपाटांची. माझी बहीण जिथे शिकली तिथे काउंटरवर मागणी चिठ्ठी भरायची, मामा आत जाणार, पुस्तक असलं तर आणणार, नाहीतर ‘इश्यू झालंय’ म्हणून चिठ्ठी परत देणार. पण चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहावं लागतं. ज्याला विषयच नवा आहे त्याला नाव कुठून माहीत असणार? आमच्याकडे दप्तर बाहेर ठेवायचं, वही-पेन घेऊन सरळ कपाटात शिरायचं.

पुस्तकं ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावली आहेत. मेल्विल ड्यूईने १८७६ मध्ये काढलेली ही पद्धत आधी अवघड वाटते, पण दोन-तीन दिवसांत हाताला सवय होते. भारताचा इतिहास ९५४, त्यात महाराष्ट्र ९५४.७९२. मराठी साहित्य ८९१.४६, त्यापुढे १ आला की कविता, ३ आला की कादंबरी. हे पाच-सहा आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, पुढे फार वेळ वाचतो.

माझा प्रोजेक्ट होता प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांवर. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावोगावी जे समांतर सरकार चाललं, त्यातली ही गावपातळीवरची न्यायाची व्यवस्था. लोक त्याला साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणतात, म्हणून मी कॅटलॉगच्या संगणकावर ‘सातारा’ टाकून शोधलं. दोनच पुस्तकं आली. मन खट्टू झालं. ग्रंथपाल मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘सांगली टाकून बघितलंस का?’’

तेव्हा लक्षात आलं. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. १९४९ मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात, प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचं, म्हणजे तुफान सेनेचं, कुंडलही सांगलीत. पण ७ जून १९४३ ला जिथे रेल्वेची पगाराची गाडी लुटली ते शेणोली कऱ्हाड तालुक्यातलं, म्हणजे आजच्या साताऱ्यातलं. एकच इतिहास दोन जिल्ह्यांत विभागला गेला आणि कॅटलॉगमध्येही तो तसाच दोन शब्दांखाली पडून आहे. ‘सांगली’ टाकल्यावर आणखी चार पुस्तकं मिळाली. वर मॅडमनी विचारलं, ‘‘आणि चरित्राच्या कपाटात गेलीस का?’’ कार्यकर्त्यांच्या आठवणी, आत्मचरित्रं इतिहासात लावलेलीच नाहीत, ती ९२० मध्ये, पार दुसऱ्या भिंतीला आहेत. तिथे मला तीन पुस्तकं मिळाली, आणि न्यायदान मंडळात वाद कसा मांडायचे, दंड काय करायचे हे सगळं मला त्या आठवणींतच सापडलं. एवढं मला कोणत्याही सर्च बॉक्सने सांगितलं नसतं. छोट्या कॉलेजात ग्रंथपाल प्रत्येकाचा विषय लक्षात ठेवतात. नोव्हेंबरात प्रोजेक्ट जमा केला तरी मॅडम अजून त्या विषयाचं काही आलं की मला हाक मारतात.

आता कॅटलॉगची खरी अडचण सांगते, कारण ही कुठल्याही मराठी लायब्ररीत येऊ शकते. एक दिवस शीर्षकात ‘साताऱ्याचा’ असलेलं पुस्तक माझ्या हातात होतं आणि तोच शब्द संगणकावर टाकल्यावर उत्तर येत होतं, नोंद नाही. तीनदा टाकला, तीनदा नाही. शेवटी कॉम्प्युटर लॅबच्या सरांना बोलावलं. त्यांनी मी टाकलेला शब्द आणि नोंदीतला शब्द शेजारी शेजारी ठेवून त्यातली अक्षरचिन्हं मोजली. ‘साताऱ्या’ एवढ्या भागात माझ्याकडे ८ भरली, नोंदीत ९. ‘ऱ्य’ मधला तो पापणीसारखा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्यात साध्या ‘र’ चा पाय मोडून पुढे एक न दिसणारी खूण घालतात. डोळ्याला दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. ‘कऱ्हाड’चं तेच, ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ अशा आडनावांचं तेच. त्यात बऱ्याच जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत आणि प्रतिसरकार कुठे एक शब्द, कुठे दोन, कुठे त्याचंच दुसरं नाव पत्री सरकार. नोंदी दुरुस्त होईपर्यंत उपाय एकच: ‘साता’ असा अर्धाच शब्द टाका, नाहीतर विषयाच्या क्रमांकाने शोधा. त्याच हॉलच्या भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे १९३१ चे ग्रंथालयाचे पाच नियम लावले आहेत. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा त्यातला चौथा. तो रोज वाचताना मला या एका अक्षराची आठवण येते.

ई-साधनांबद्दल मला सगळ्यात उशिरा कळलं आणि त्याची रुखरुख आहे. कॉलेज एन-लिस्टचं सभासद आहे. कॉलेजांना ऑनलाइन वाचनसाहित्य मिळवून देणारी, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची ही योजना, तिच्यात ६,००० हून अधिक नियतकालिकं आणि १,९९,५०० हून अधिक ई-पुस्तकं आहेत. ग्रंथपालांना ईमेल द्यायचा, त्या लॉगिन काढून देतात, मग घरी मोबाइलवरही चालतं. मी ते सप्टेंबरात घेतलं, आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी अजून घेतलेलं नाही. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली त्यातून वाचता येतो, तेवढ्यासाठी जरी लॉगिन घेतलं तरी सार्थकी लागेल. मराठीत मात्र मला तिथे कामाचं काही मिळालं नाही. इंग्रजी वाचायचा सराव नसेल तर सुरुवातीला एक पान वाचायला अर्धा तास जातो, माझा जात होता.

मराठीतून शिकणाऱ्यांनी शोधगंगा, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, उघडावी. तिला लॉगिनही लागत नाही. मराठी आणि इतिहास विषयांतले कितीतरी प्रबंध मराठीत लिहिलेले आहेत, प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते. मी आधी शेवटची फाइल उघडते, संदर्भसूचीची. एका माणसाने चार-पाच वर्षं शोधून काढलेली पुस्तकं तिथे एका जागी मिळतात. ती यादी घेऊन कपाटाकडे जायचं. जे नसेल ते राजवाड्याजवळच्या नगर वाचनालयात विचारायचं.

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत. तिथे मराठी विश्वकोशाचे सगळे २० खंड आहेत, आणि ते वाईत, आपल्याच जिल्ह्यात तयार झाले याचा मला अभिमान वाटतो. पहिला खंड १९७६ चा. त्याच कपाटात सातारा जिल्ह्याचं १९६३ चं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, आहे. त्याच्या पानांची मी झेरॉक्स काढली, नंतर कळलं की गॅझेटिअरं आणि विश्वकोश दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत. तरी विश्वकोश मी खंडातूनच वाचते. एक नोंद शोधताना शेजारच्या दोन वाचून होतात.

वर्तमानपत्रं सहा येतात, मासिकांत वाईहून निघणारं ‘नवभारत’ आहे. वायफाय काउंटरजवळच चालतं. झेरॉक्स खाली, पिण्याचं पाणी ठीक.

तक्रारींत पहिली वेळेची. आमचं कॉलेज सकाळचं, लायब्ररी ८ ते ४. दुपारी दुकानात किंवा एमआयडीसीत काम करणाऱ्या मुलांना १२.३० नंतर थांबता येत नाही आणि त्याआधी तास असतात. ज्यांना विकत पुस्तक घेणं जमत नाही तीच मुलं लायब्ररीच्या बाहेर राहतात, हे मला फार लागतं. कमवा आणि शिका हे शब्द जिथे प्रत्येक घराला माहीत आहेत त्या साताऱ्यात तरी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी ७ पर्यंत दार उघडं असायला हवं. त्याच मुलांसाठी क्रमिक पुस्तकांच्या प्रतीही वाढवायला हव्यात. आमच्या वर्गात ५४ जण आणि एका पुस्तकाच्या प्रती ५.

दुसरी तक्रार जागेची. टेबलं सकाळपासून एमपीएससी करणाऱ्यांनी भरलेली असतात, स्वतःची पुस्तकं घेऊन बसलेली. बाहेरच्या अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे सगळ्यांना परवडत नाहीत, त्यामुळे त्यांना उठवा असं मी म्हणणार नाही. पण संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत म्हटल्यावर ते वाचणाऱ्यांसाठी एक टेबल तरी राखून ठेवलं पाहिजे. मी गॅझेटिअर उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून वाचलं आहे.

आणि पावसाळा. जुलै-ऑगस्टात खालच्या खणातली पुस्तकं ओल धरतात, पानं फुगतात, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी येते. मामा डांबरगोळ्या ठेवतात, उघडीप पडली की पुस्तकं टेबलावर पसरून वाळवतात. खालचा खण रिकामा ठेवायला जागा नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

वेळेबद्दल आम्ही एकवीस जणांनी सह्या करून अर्ज दिला आहे, उत्तर आलेलं नाही. ‘ऱ्य’चं काम मात्र सुरू झालं. मॅडमनी कमवा आणि शिका योजनेतल्या दोघींना त्यावर बसवलं आहे, मीही तास संपल्यावर त्यांच्यासोबत बसते. एकीने पुस्तकाचं पहिलं पान उघडून नाव वाचायचं, दुसरीने नोंद दुरुस्त करायची, विषयात जुन्या आणि नव्या जिल्ह्याची दोन्ही नावं घालायची. गेल्या शुक्रवारी ९२० चं कपाट पूर्ण झालं. सोमवारपासून ९५४ ला हात घालतो आहोत.