मांसाच्या आतलं तापमान: कोणता थर्मामीटर घ्यावा?

रस्सा किंवा कुकरमधल्या मटणाला थर्मामीटर लागत नाही. प्रश्न येतो तो ओटीजीत अख्खी कोंबडी भाजताना किंवा मटणाची रान (अख्खी तंगडी) करताना: बाहेरून खरपूस, आत मात्र कच्चं. रंगावर जाऊ नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडालगत पूर्ण शिजल्यावरही लाली राहते. आकडा पाहायचा. अमेरिकी कृषी खात्याच्या मते कोंबडीला ७४ अंश सेल्सिअस, मटणाच्या खिम्याला ७१, मटणाच्या अख्ख्या तुकड्याला ६३ आणि आचेवरून उतरवल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवणं.

इन्फ्रारेडची बंदूक या कामाची नाही, ती फक्त वरची कातडी मोजते. काट्याचा डायलवाला स्वस्त पडतो, पण त्याच्या दांडीचा टोकापासून साधारण ५ सेंटिमीटरचा भाग मिळून तापमान घेतो. तंगडीत तो पुरता मावतच नाही, मग आकडा कसा खरा येणार?

खरी निवड उरते दोघांत. बारीक टोकाचा झटपट डिजिटल काही सेकंदांत आकडा देतो, आणि तो हवा तिथे फिरवता येतो. मांडीच्या आतल्या जाड भागात, हाडाला न टेकवता, सुई हळूहळू सारा. आकडा उतरत जातो, मध्य ओलांडला की पुन्हा चढतो. सर्वांत कमी दिसला तोच धरायचा. दुसरा वायरचा प्रोब, म्हणजे वायरने बाहेरच्या आकडे दाखवणाऱ्या डबीला जोडलेली सुई. ती मात्र भाजताना मांसात आतच राहते. दार न उघडता आकडा दिसतो, ठरवलेल्या अंशाला घंटा वाजते. पण हा प्रोब एकाच जागी अडकलेला. जागा चुकली, हाडाला टेकला, तर घंटाही चुकीच्या वेळी वाजते. निखाऱ्यावर वापरणार असाल तर वायर किती उष्णता सोसते ते आधी वाचा.

माझं मत स्पष्ट आहे: एकच घ्यायचा तर झटपट डिजिटल. रान मात्र ६३ ला सुरक्षित झाली तरी चिवटच लागते. हाडावरून सुटण्याइतकी मऊ हवी तर मंद आचेवर तासन्‌तास ९० च्या आसपास न्यावी लागते. असं वारंवार करणाऱ्यांनी प्रोबही घ्यावा.

कोणताही आणलात तरी बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून तपासा, ० दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यावर तपासाल तर पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, तिथे १०० ची वाट पाहू नका. आणि कच्च्या मांसातून काढलेली सुई साबणाने धुऊनच पुन्हा खुपसा.